आरमारी कादंबरीतील शब्द आणि संदर्भ : घाटावरच्या वाचकाच्या काही अडचणी

ऐतिहासिक कादंबरी वाचताना घाटावरचा मराठी वाचक गडाच्या वर्णनात सहसा अडत नाही. माची, बालेकिल्ला, चोरदिंडी, मेट हे शब्द त्याच्या कानांवरून गेलेले असतात. पन्हाळा किंवा विशाळगड त्याने पायी हिंडून पाहिलेला असतो आणि लेखकाने एखादा दरवाजा भलत्याच दिशेला दाखविला तर तो तत्काळ बोट ठेवतो. तोच वाचक आरमारी कादंबरीत शिरला की त्याची ही सावध दृष्टी मंदावते. शीड, परबाण, डोलकाठी, सुकाणू ह्या शब्दांवरून तो भरभर पुढे जातो; ते शब्द त्याला वातावरणनिर्मितीसाठी अंथरलेल्या गालिच्यासारखे वाटतात. क्वचित दोन वाचकांत एखाद्या तपशिलावरून वाद झालाच, तर दोघेही इतिहासाची पुस्तके उघडतात. वस्तुतः अशा वादांचे मूळ पुष्कळदा इतिहासात नसून भाषेत असते. समुद्रावरची मराठी आणि जमिनीवरची मराठी ह्यांत शब्द एकच असूनही अर्थ निराळा, अशी स्थिती वारंवार येते आणि ती लक्षात न आल्यामुळे कोठे नसलेले रूपक दिसते, तर कोठे असलेला संदर्भ निसटतो.

कोल्हापूरच्या वाचकाच्या बाबतीत तर ही गोष्ट चमत्कारिकच म्हटली पाहिजे. करवीर राज्याला समुद्र होता. मालवणचा सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींच्या ताब्यात होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पुढे तो परत केला आणि १८१२ च्या तहाने तो कायमचा करवीर राज्याच्या हातून गेला. मराठीत आरमाराविषयी विचारपूर्वक लिहिलेले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण ज्या ग्रंथात आहे, ते रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून समजले जाणारे आज्ञापत्र करवीरकर संभाजी महाराजांच्याच कारकीर्दीतले, सुमारे १७१५-१६ चे. अमात्यांचे बावडा घाटाच्या अगदी माथ्यावर आहे. अर्थात समुद्राची भाषा ह्या प्रदेशाला परकी नव्हती. ती मागाहून विसरली गेली.

विस्मरणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘नांगर’. शेतकऱ्याचा नांगर हा संस्कृत ‘लांगल’ आणि प्राकृत ‘णंगल’ ह्या मार्गाने आलेला आहे. जहाजाचा नांगर मात्र फारसी ‘लंगर’ होय. हिंदीत ‘हल’ आणि ‘लंगर’ हे दोन शब्द स्वतंत्र राहिले. मराठीत आरंभीच्या ल-काराचा न-कार होऊन दोन्ही एकरूप झाले. शेताच्या नांगराचा परिचय इतका दाट होता की परक्या शब्दाने त्याचेच रूप घ्यावे, हे स्वाभाविक होते. त्यातून दोहोंचे काम दिसायलाही सारखे. एकाचा फाळ मातीत रुततो, दुसऱ्याचा आकडा चिखलात. आता कादंबरीतला एखादा मावळा पहिल्यांदाच गलबतावर चढला आहे आणि ‘नांगर टाकला’ हे शब्द ऐकतो असे समजू. घाटावरचा वाचक येथे शेतकऱ्याच्या जीवनाचे रूपक पाहील आणि त्यावर परीक्षणात चार ओळी लिहील. किनाऱ्यावरच्या वाचकाला त्यात काहीच दिसणार नाही. त्याच्या लेखी ते नित्याचे काम आहे. दोघांपैकी कोण बरोबर, हे शब्दावरून ठरत नाही. तो उच्चारणारा कोण आणि ऐकणारा कोण, ह्यावरून ठरते. हे वाक्य नाखव्याच्या तोंडी असेल तर रूपक नाही; मावळ्याच्या मनात उमटले असेल तर असू शकेल.

‘दर्यासारंग’ ह्या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारावरील दोन अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे : एक मुसलमान दर्यासारंग आणि दुसरा भंडारी, ज्याला बखरकार ‘मायनायक’ म्हणतो. दर्यासारंग हे व्यक्तीचे नाव की पदवी, असा प्रश्न वाचक नेहमी उपस्थित करतात. ‘सारंग’ म्हटले की मराठी मनाला हरीण, चातक किंवा दुपारचा राग आठवतो आणि नावात काव्य असल्याचा भास होतो. परंतु हा सारंग संस्कृत नव्हे. तो फारसी ‘सरहंग’, म्हणजे सेनानी. दर्यावरचा सेनानी तो दर्यासारंग, असा सरळ अर्थ लागला की पदवीचा पक्ष बळकट होतो. मात्र पदवी हीच व्यक्तीची ओळख होऊन बसणे मराठी इतिहासात नवे नाही. पुढे ह्याच शब्दाची पत घसरली. कंपनीच्या आणि नंतर आगबोटींच्या काळात ‘सारंग’ म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. एकोणिसाव्या शतकातला हा अर्थ डोक्यात ठेवून सतराव्या शतकावरची कादंबरी वाचणाऱ्याला दर्यासारंगाचा दरबारातला मान अतिशयोक्त वाटू लागतो. दोष कादंबरीकाराचा नसतो.

त्या दुसऱ्या अधिकाऱ्याचे नाव आज ‘मायनाक भंडारी’ असे रूढ आहे. इंद्राच्या भयाने समुद्रात दडलेला आणि हनुमंताला विसाव्यासाठी वर आलेला मैनाक पर्वत येथे सूचित आहे, असा अर्थ काढण्याचा मोह होतो. समुद्राशी नाते इतके नेमके जुळते की तो मोह आवरणे कठीण. तथापि सभासदाचे ‘मायनायक’ हे रूप आणि सिदनाकसारख्या जुन्या मराठी नावांत दिसणारे ‘नाक’ हे उत्तरपद ह्यांकडे पाहिले की पर्वत मागे सरतो. कादंबरीकाराने जाणूनबुजून हा श्लेष साधला असेल तर त्याचे श्रेय त्याला द्यावे, पण ते नावाच्या व्युत्पत्तीच्या खात्यावर मांडू नये.

जहाजांच्या नावांत परकी भाषांचे थर अधिक स्पष्ट दिसतात. गुराब हा अरबी ‘घुराब’, म्हणजे कावळा. बतेला पोर्तुगीज ‘बातेल’ वरून आला. ‘आरमार’ हा शब्दच पोर्तुगीज ‘आर्मादा’ चा वंशज समजला जातो. गलबताविषयी मतभेद आहे. कोणी पोर्तुगीज ‘गालेओता’ कडे बोट दाखवितात, कोणी अरबी ‘जलबा’ कडे. तरांडे मात्र संस्कृत ‘तरंड’ शी सांधा ठेवून आहे. ह्या मेळ्यात ‘पगार’ नावाचे एक लहान तारूही जुन्या वर्णनांत भेटते. आरमाराच्या यादीत गुराबा, शिबाडे आणि त्यांच्या शेजारी पगार, असे वाचून हिशेबाची नोंद चुकून घुसली असावी अशी दुरुस्ती सुचविणारा वाचक हास्यास्पद नाही. वेतनाचा पगार पोर्तुगीजांकडून आला, हे त्याला ठाऊक असते, एवढेच.

तपशिलाची खरी कसोटी जहाजांच्या हालचालीत लागते. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंगऱ्यांच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे, त्यानुसार गुराबांना बहुधा दोनच डोलकाठ्या असत आणि अशी गुराब दीडशे टनांच्या पलीकडे जात नसे. तीन डोलकाठ्यांची मात्र तीनशे टनांपर्यंत असे. गलबत हे वल्ह्यांचे जहाज, सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. म्हणून वारा पडलेला असताना एकटी गुराब शत्रूचा पाठलाग करीत आहे, असा प्रसंग कोणी लिहिला तर वाचकाने थबकावे. आज्ञापत्रातही हेच शहाणपण निराळ्या अंगाने आले आहे : गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात, वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे करू नयेत. तेथे मोठ्या जहाजासाठी ‘फरगात’ हा शब्द आढळतो, तो पोर्तुगीज ‘फ्रागाता’ होय. शिवकालीन पात्राच्या तोंडी ‘फ्रिगेट’ घालणाऱ्या लेखकाला हा शब्द सापडला असता तर बरे झाले असते.

आज्ञापत्राचाच दुसरा एक संदर्भ मराठी ऐतिहासिक कथांत फार वेळा डोकावतो. आरमारासाठी लाकूड हवे, परंतु आंबा-फणसाची झाडे रयतेने पोटच्या लेकरांसारखी वाढविलेली असतात. ती जुलमाने तोडू नयेत, धन्याला राजी करून, मोल देऊन जीर्ण झालेले झाडच घ्यावे, असा तो आशय. एखाद्या शिवकालीन कादंबरीत अधिकारी कुऱ्हाड अडवून हा उपदेश करतो, तेव्हा जाणकार वाचकाला मूळ लगेच ओळखू येते आणि ओळखल्याचा आनंदही होतो. पण येथेच एक प्रश्न विचारावयास हवा. शिवाजी महाराज १६८० मध्ये निवर्तले. आज्ञापत्र त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिले गेले. धोरण थोरल्या महाराजांच्या काळचे असणे सर्वथा शक्य आहे, कारण रामचंद्रपंत त्याच तालमीत तयार झालेले होते. शब्दरचना मात्र करवीर दरबारची आहे. म्हणून पात्राने आशय बोलावा, हे चालेल. आज्ञापत्राची वाक्ये जशीच्या तशी १६७० च्या सुमारास बोलावीत, हा कालविपर्यास होय. आणि एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : हा मजकूर वनरक्षणाच्या स्वतंत्र प्रकरणात नाही, तो आरमाराच्या प्रकरणात, फळ्या आणि डोलकाठ्यांच्या संदर्भात येतो. त्याला समुद्रापासून तोडून केवळ वृक्षप्रेमाचे सुभाषित केले की निम्मा अर्थ गळून पडतो.

‘जंजिरा’ हा शब्दही असाच फसवतो. आज तो उच्चारला की मुरूडचा सिद्दी डोळ्यांपुढे उभा राहतो. मूळ अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट. जुन्या कागदांत तो सामान्यनाम म्हणून येतो. जंजिरे सिंधुदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग असे उल्लेख त्यांत सर्रास आहेत. तेव्हा कादंबरीतल्या पत्रात ‘जंजिऱ्याची मरामत करावी’ असे वाचून मराठ्यांनी सिद्दीचा किल्ला केव्हा घेतला, असा पेच पाडून घेण्याचे कारण नाही.

आता वारा आणि पाणी. दर्यावर्दी माणसाचे घड्याळ ह्या दोहोंवर चालते आणि कादंबरीकाराची परीक्षाही येथेच होते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून येणारा तो खारा. ‘मतलई’ चे नाते अरबी ‘मतला’, म्हणजे उगवतीची जागा, ह्याच्याशी जोडता येते. पश्चिम किनाऱ्यावर जमीन उगवतीलाच असते. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती ती उधाणाची. अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती भांगाची. ‘भांगाचे पाणी’ म्हटल्यावर कोल्हापूरकर वाचकाला होळी आठवली तर त्यात त्याचा अपराध नाही.

ह्या शब्दांच्या साहाय्याने एक प्रत्यक्ष प्रसंग तपासून पाहता येईल. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठ्यांनी मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी तिला विरोध केला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दिवस उजाडताच दौलतखानाच्या हाताखालचे साठांहून अधिक लहान जहाजांचे आरमार किनाऱ्याकडून इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून आले. अर्ध्या तासाच्या आत ‘डोव्हर’ ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती पडली, ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिली. हा प्रसंग कादंबरीत घालणाऱ्या लेखकाने त्या दिवशी चंद्र कसा दाखवावा आणि पाणी किती चढवावे? पंचांगाचे गणित करणारा हौशी वाचक १८ ऑक्टोबर घेऊन बसतो आणि त्याला कोजागिरीच्या आसपासची तिथी मिळते. साहजिकच तो उधाण अपेक्षितो. पण इंग्रजांच्या नोंदी जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. इंग्लंडने नवी पद्धती १७५२ मध्ये स्वीकारली. पोर्तुगीजांनी ती १५८२ मध्येच घेतली होती, म्हणून चौलच्या पोर्तुगीजाच्या लेखी तोच दिवस २८ ऑक्टोबर. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. दहा दिवस पुढे सरकले की तिथी आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या सुमारास येते आणि उधाणाच्या जागी भांग येतो. भरतीचा जोर उणा, पहाटे आकाशात अर्धा चंद्र. एकाच समुद्रावर, एकाच सकाळी, दोन युरोपीय दर्यावर्दी राष्ट्रे दोन निराळ्या तारखा लिहीत होती, आणि मराठी कागदांत तिसरीच कालगणना, हे वाचकाने विसरता कामा नये. कोजागिरीच्या टिपूर चांदण्यातून निघालेल्या आरमाराचे वर्णन कितीही मोहक असले तरी ते त्या रात्रीचे नव्हे.

उलट, हल्ल्याची वेळ मतलई वाऱ्याशी नेमकी जुळते. किनाऱ्यावरून निघालेल्या जहाजांच्या पाठीशी पहाटेचा वारा असतो; समोर नांगरून पडलेल्या जहाजांना तोच वारा तोंडावर येतो. नांगर उचलून शिडे उभारावयासही इंग्रजांना पुरेसा अवधी मिळाला नाही, ह्याचा उलगडा मराठ्यांच्या शौर्याबरोबर ह्या वाऱ्यानेही होतो. कादंबरीकाराने एवढे एक वाक्य लिहिले तरी प्रसंग उजळेल.

इंग्रजी आरमारी कादंबरीला ह्या बाबतीत सवड अधिक मिळाली. पॅट्रिक ओब्रायनच्या ‘मास्टर अँड कमांडर’ (१९६९) पासून सुरू झालेल्या वीस कादंबऱ्यांच्या मालिकेतील शब्द आणि उल्लेख उलगडण्यासाठी वाचकांनी स्वतंत्र कोश रचले. ओब्रायनची युक्ती साधी आहे. त्याचा डॉक्टर मॅट्युरिन जन्मभर जहाजावर राहूनही जमिनीवरचाच माणूस राहतो, आणि वाचकाचे प्रश्न तोच विचारतो. मराठी कादंबरीला हे पात्र आयते उपलब्ध आहे : घाटावरून आलेला मावळा. त्याला पहिल्याच प्रकरणात पट्टीचा खलाशी करून टाकण्याची घाई लेखकांनी करू नये, असे वाटते.

इंग्रजीशी असलेला संबंध आणखी एका बाजूने बिकट आहे. मराठी-अरबी शब्द इंग्रजीत जाऊन ओळखू न येण्यासारखे होतात आणि भाषांतरातून परततात. गुराबेचे ‘ग्रॅब’ झाले, गलबताचे ‘गॅलिव्हॅट’. मनोहर माळगावकरांनी कान्होजी आंग्रे यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले. अशा भाषांतरात शब्दाला त्याच्या घरी परत पोचविण्याचे काम असते. ते न साधल्यास मराठी वाचकाला स्वतःचाच शब्द परका म्हणून भेटतो. त्याहून नाजूक बाब ‘पायरेट’ ह्या शब्दाची. त्याला मराठीत ‘चाचा’ म्हणावे, हे कोशाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण कंपनीच्या कागदांत आंगऱ्यांना हा शब्द लावला गेला, कारण त्यांचे दस्तक घेण्याचे बंधन कंपनी मानीत नव्हती. दस्तक देण्याचा अधिकार कोणाचा, हाच मुळी वाद होता. पूर्वी ताराबाईंच्या पक्षात असलेले आणि १७१३-१४ च्या सुमारास शाहू महाराजांकडे आलेले कान्होजी ‘सरखेल’ होते. फारसीत सरखेल म्हणजे पथकाचा प्रमुख. एकाच माणसाला एका भाषेत राजपद आणि दुसरीत गुन्ह्याचे नाव मिळालेले असताना, कादंबरीतला निवेदक कोणत्या भाषेतून बोलतो हे वाचकाने प्रथम पाहावे. इंग्रज कप्तानाच्या तोंडी ‘चाचा’ शोभतो. निवेदकाच्या तोंडी तो निर्णय ठरतो.

शुद्धीच्या अतिरेकाचाही उल्लेख केला पाहिजे. राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, ह्या आधारावर काही लेखक खलाशांनाही संस्कृत बोलावयास लावतात. तो कोश दरबाराच्या लेखणीसाठी होता. वल्हे मारणाऱ्याच्या जिभेसाठी नव्हता. शिवकालात ‘नौदल’ म्हणणे तर उघड आधुनिक आहे. गो. नी. दांडेकरांनी आपल्या कादंबरीला ‘दर्याभवानी’ हे नाव दिले, त्यात फारसी दर्या आणि आपली भवानी शेजारी बसल्या आहेत. त्या जागी ‘सागरभवानी’ ठेवून पाहावे. किनाऱ्याचा वास तत्काळ नाहीसा होतो.

अशा शब्दांचा निवाडा करावयाचा तर साधने दोन : कोश आणि किनाऱ्यावरचा माणूस. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) कोकणातले जहाजी शब्द पुष्कळ आले, कारण तो तयार झाला तेव्हा शिडांची जहाजे चालत होती. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातही (१९३२-३८) त्यांची नोंद आहे. माणसांचे मात्र तसे नाही. होड्यांना यंत्रे बसली. शीड गेले, त्याबरोबर परबाणही गेले. पाणी आणि चंद्र मात्र पूर्वीचेच असल्यामुळे उधाण आणि भांग टिकून आहेत. मालवणच्या तांडेलाला आज भांगाविषयी विचारले तर तो तिथी सांगून मोकळा होईल. परबाणासाठी मोल्सवर्थच उघडावा लागतो.